वाघमारे गार्डांचे गाल

वाघमारे गार्ड हसले की त्यांच्या पार मागच्या दाढा दिसायच्या, असं मी सांगितलं तर पूर्णेतल्या नंतरच्या लोकांना ते खरं वाटत नाही. त्यांनी पाहिलेले वाघमारे वेगळे होते. नाकाच्या दोन्ही बाजूंनी ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरलेले दोन व्रण, आवळलेलं तोंड आणि बोलताना जागचा न हलणारा जबडा. मी मात्र त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेच हसताना.

लग्नानंतर मी पोखर्णीहून पूर्णेला आले तो दिवस. आमचे हे पूर्णा जंक्शनला पार्सल ऑफिसात क्लार्क होते आणि रेल्वे कॉलनीतलं जोडक्वार्टर आम्हाला नुकतंच मिळालं होतं. टांग्यातून सामान उतरवताना पाट्याबरोबरचा वरवंटा निसटला आणि घरंगळत शेजारच्या दारात गेला. पांढरा डगला घातलेला, टोपी काखेत धरलेला एक उंच माणूस त्याच वेळी ड्यूटीवरून येत होता. त्याने वाकून वरवंटा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि मला विचारलं, "वैनी, हा इंजिनाचा पार्ट कुठं ठिवायचा?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर तो इतका मोकळा हसला की नव्या घराची माझी धास्ती तिथेच निम्मी झाली.

मी त्यांना भाऊ म्हणायचे. त्यांच्या बायकोला पारुआक्का. त्यांना मूलबाळ नव्हतं. दोन क्वार्टरांच्या मधे कमरेएवढी भिंत आणि भिंतीच्या त्यांच्या बाजूला लिंबोणीचं झाड. एवढ्यावर आमचं सगळं शेजारपण उभं होतं.

भाऊ मूळचे झरीचे. निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले, त्यामुळे बोलण्यात 'वक्त', 'फुरसत', 'तबियत' हे शब्द सहज यायचे. मालगाडीवर गार्ड. कधी हिंगोलीच्या बाजूला, कधी परळीकडे. ड्यूटीला निघताना लाइन बॉक्स, म्हणजे गार्डाची पत्र्याची पेटी, उघडून प्रत्येक वस्तू बोटाने शिवून पाहायचे: झेंड्या, हातबत्ती, शिट्टी आणि कोपऱ्यात फडक्यात गुंडाळलेला अडकित्ता. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात माणूस तासन् तास एकटा. सिग्नल मिळाला नाही तर माळरानावर अर्धा दिवस उभा. डुलकी लागली तर नोकरी गेली. म्हणून सुपारी. "डब्यात बोलायला दुसरं कोण हाय?" ते म्हणायचे. "ही गालात असली म्हंजे सोबत असल्यावानी वाटतं." घरी असले तरी ओट्यावर बसून सुपारी कातरत राहायचे आणि एक खांड कायम डाव्या गालात असायचं.

त्यांची बोलण्याची एक तऱ्हा होती. साधं काही सांगतानाही शेवटी एखादं वाक्य असं टाकायचे की ऐकणारा जरा थांबायचा. एकदा मी विचारलं, डब्यात बसून दिवसभर करता काय? तर म्हणाले, "डायवर पुढचं बघतो, वैनी. मला नेहमी निघून गेलेलंच दिसतं."

पहिल्या वर्षी माझ्या सासूबाई गावाहून राहायला आल्या. पारुआक्काने चहाला बोलावलं तर सासूबाईंनी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. भिंत कमरेएवढी होती, गुडघे आड यायचं काही कारण नव्हतं. वाघमाऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती आणि त्याआधी ते कोण होते हे सासूबाईंना आडनावावरून कळलं होतं. मी मान खाली घालून उभी राहिले. संध्याकाळी भाऊ भिंतीशी आले. हातात पाचसहा लिंबं. "आजीला सांगा, चहा पाठवला न्हाई, लिंबं पाठवलेत. झाडाची हायत, आमच्या हातची न्हाईत." चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं. सासूबाईंनी लिंबं ठेवून घेतली. रात्रीच्या वरणात मी ती पिळली, आणि त्यांनी ते वरण खाल्लं.

दर पौर्णिमेला, ड्यूटी नसली तर, भाऊ आणि पारुआक्का झरीला जायचे. वस्तीतल्या लोकांनी स्वतः राबून पत्र्याचं विहार बांधलं होतं आणि तिथली वंदना भाऊंनी सांगायची हे ठरलेलं होतं. एकदा बुद्धपौर्णिमेला आम्हीही गेलो. भाऊंनी डोळे मिटले आणि वंदना सुरू केली. एकेक अक्षर स्वच्छ, पूर्ण तोंड उघडून. मागून सगळी वस्ती म्हणत होती. परतताना मी म्हटलं, भाऊ, तुमचा आवाज शिवारात गेला असेल. त्यावर ते म्हणाले, "माझ्या बापाला तोंड उघडायची सोय नव्हती, वैनी. मला हाय. मग मोठ्यानं म्हणायला काय जातंय."

याच माणसाचं तोंड मिटत गेलं.

सुरुवात कधी झाली ते कुणालाच नीट सांगता येत नाही. मला आठवतो तो ठेचा. मी हिरव्या मिरचीचा ठेचा करून भिंतीवरून वाटी दिली होती. भाऊंना माझ्या हातचा ठेचा फार आवडायचा. पहिला घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आम्ही दोघी हसलो. मराठवाड्यातल्या माणसाला ठेचा झोंबतो, याहून मोठी थट्टा कोणती? तेही हसले, पण गाल हाताने धरून. "तोंड आलंय वाटतं," म्हणाले. तोंड येणं गेलंच नाही. पुढे साधी आमटी झोंबायला लागली, मग गरम चहा. पारुआक्का भाकर दुधात कुस्करून द्यायची. मग लाडू तोंडात मावेना. मग भाकरीचा घास चपटा करून, दातांच्या फटीतून आत सरकवावा लागायला लागला. हे सगळं इतकं हळूहळू होत गेलं की घरातल्या माणसालाही त्याची सवय होत गेली. एकदा पारुआक्का सहज म्हणाली, "हल्ली ह्यांला कंदील फुंकून इझवता येत न्हाई. मलाच इझवावा लागतोय." आम्हाला त्यात काही वाटलं नाही.

त्याचा अर्थ मला कळला तो फलाटावर. मी माहेरी जायला निघाले होते. त्या दिवशी पॅसेंजरचा गार्ड रजेवर होता, म्हणून भाऊंना त्या गाडीवर दिलं होतं. भर दुपार. घंटा झाली. भाऊंनी हिरवी झेंडी काढली, शिट्टी ओठांत धरली आणि फुंकली. आवाज नाही. त्यांनी पुन्हा छाती भरून घेतली. गाल फुगायला हवे होते, ते फुगलेच नाहीत. लाकडासारखे तसेच राहिले आणि शिट्टीच्या कडेने नुसती हवा गेली. फलाटावरचे दोघेतिघे पाहत होते. इंजिनातून ड्रायव्हर हमीदभाई मागे वळून बघत होते. भाऊंनी शिट्टी काढली, खिशात टाकली आणि झेंडी उंच करून हलवली. हमीदभाईंनी एक क्षण पाहिलं आणि गाडी काढली.

नंतर हमीदभाई त्यांना म्हणाले ते आमच्या ह्यांनी ऐकलं होतं. "मैं झंडी देख के गाडी निकालतूं. तुम शिट्टी की फिकर नको करो. किसी को नको बोलो." आणि खरंच, हमीदभाई ड्रायव्हर असले की कितीतरी महिने ते प्रकरण झाकलेलं राहिलं. पण प्रत्येक गाडीवर हमीदभाई कसे असणार?

तक्रार झाली. रेल्वेच्या डॉक्टरांनी बोलावलं आणि आ करायला सांगितलं. दातांच्या फटीतून डॉक्टरांचं एक बोट कसंबसं गेलं. गाल आतून पांढरे पडले होते आणि त्यांत सुतळीसारखे ताठ पट्टे लागत होते. डॉक्टर म्हणाले, तोंडाची आतली कातडी आवळत चाललीय. सुपारीनं होतं म्हणतात, कुणी मिरचीनंही म्हणतं. दोन्ही बंद करा. मग गालाच्या आत इंजेक्शनं सुरू झाली. भाऊ दर वेळी दवाखान्यातून गाल दाबून यायचे आणि ओट्यावर न बसता सरळ आत जायचे. फरक पडला नाही. गार्डाच्या कामाला ते नालायक ठरले आणि त्यांना पार्सल ऑफिसात, आमच्या ह्यांच्या शेजारच्या टेबलावर बसवलं.

आमचे हे सांगायचे, मालगाडी सुटली की वाघमारे हातातलं काम ठेवून दाराशी जातात आणि शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत उभे राहतात. कुणी काही विचारलं तर ऐकू येत नाही.

त्यानंतरच्या पौर्णिमेला ते झरीला गेले आणि वंदना सांगायला बसले. आम्ही नव्हतो. पारुआक्काने सांगितलं. शब्द दातांतून चेपून येत होते. वस्तीतलं कुणी हसलं नाही. सगळ्यांनी नेहमीसारखं मागून म्हटलं, स्वच्छ आणि मोठ्याने. घरी आल्यावर भाऊ एवढंच बोलले, "सगळे माझ्यापेक्षा चांगलं म्हणायलेत." पुढच्या पौर्णिमेपासून त्यांनी तिथे जाणं बंद केलं.

मुंबईचं रेल्वेच्या डॉक्टरांनीच सुचवलं. तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात एक सर्जन असल्या तोंडांवर शस्त्रक्रिया करून बघतायत, असं त्यांच्या कानावर होतं. प्लास्टिक सर्जरी हा शब्द पूर्णेत पहिल्यांदा आला तो वाघमाऱ्यांमुळे. कॉलनीत बातमी पसरली की त्यांच्या गालात प्लास्टिक बसवणार. शेजारणी पारुआक्काला विचारायच्या, पांढरं बसवणार का लाल? ती बिचारी सांगायची, मुंबईला गेल्यावर कळंल.

मनमाडला गाडी बदलून दोघं मुंबईला गेली. तिथलं मला पारुआक्काकडून तुकड्यातुकड्याने कळलं, काही भाऊंकडून. सर्जन तरुण होते, हळू बोलायचे. त्यांनी निळ्या शाईने भाऊंच्या चेहऱ्यावर नाकाच्या दोन्ही कडांना पानाच्या आकाराच्या खुणा काढल्या आणि आरसा दिला. म्हणाले, आतल्या दोऱ्या मी कापीन, तोंड उघडेल. पण नुसत्या कापल्या तर जखम भरताना सगळं पुन्हा आवळणार. म्हणून तिथे चांगली कातडी बसवायची. नाकाच्या कडेची ही कातडी पानासारखी सोडवायची, पण तिचा देठ चेहऱ्यालाच ठेवायचा, कारण देठातून तिला रक्त मिळतं. गालाला आरपार वाट करून ते पान आत वळवायचं आणि उघड्या जखमेवर शिवायचं. आत ते रुजलं की मग देठ तोडायचा.

पारुआक्काने विचारलं, "तोंडावरचीच कातडी का? पायाची घ्या की."

"पायाची नुसती कातडी लावली तर ती आत आक्रसते. हिला स्वतःचं रक्त असतं, ती टिकते," सर्जन म्हणाले. "चेहऱ्यावर दोन रेघा राहतील. आणि हे ऑपरेशन मी फार लोकांवर केलेलं नाही. खोटं सांगत नाही. असल्या तोंडात पुढे कधी वाईट गाठही होते, तेव्हा येत राहावं लागेल."

शेवटचं वाक्य त्या वेळी कुणी मनावर घेतलं नाही. भाऊ दातांतून म्हणाले, "रेघा राहू द्या, साहेब. रूळ बी दोनच असतेत."

भूल देताना श्वासाची नळी तोंडातून घालता येत नव्हती, म्हणून जागेपणीच नाकातून घातली. त्याबद्दल भाऊ एकदाच बोलले. "डॉक्टर म्हणले खोल श्वास घ्या. मी म्हणलो घेतो. म्हंजे मनात म्हणलो." ऑपरेशननंतर पारुआक्काला आत सोडलं तेव्हा ती दारातच खाली बसली. नाकाच्या दोन्ही बाजूंना कातडीच्या गुंडाळ्या गालातून आत शिरलेल्या, त्यांवर टाके, चेहरा भोपळ्याएवढा सुजलेला. "मला वाटलं दुसऱ्याच कुणाला आणलंय," ती म्हणाली. "मग त्यांनी बोटानं खूण केली, जेवलीस का म्हणून. तवा पटलं."

दुसऱ्यांदा टेबलावर घेऊन देठ तोडले, आणि दोघं पूर्णेला परत आली. सर्जनने निघताना बजावलं होतं, "मी तोंड उघडलंय. उघडं ठेवायचं काम तुमचं." त्यासाठी लाकडी पट्ट्यांचा जुडगा दिला होता. दातांत एकावर एक पट्टी सरकवायची, दुखेपर्यंत, आणि दुखल्यावर आणखी एक. रोज सकाळी भिंतीपलीकडून त्यांचं कण्हणं ऐकू यायचं. माझ्या हातातलं लाटणं थांबायचं. एके दिवशी भाऊंनी पट्ट्या अंगणात भिरकावल्या. पारुआक्का उठली, एकेक पट्टी वेचली, गरम पाण्यातून काढली आणि पुन्हा समोर येऊन बसली. "तुमी फेका," ती म्हणाली. "मी उचलते. बघू कोण दमतंय."

तो दमला. म्हणजे त्याने पुन्हा पट्ट्या दातांत घेतल्या. मी भिंतीआडून पाहत होते, म्हणून एकेरी लिहून गेले. त्या वेळी तो समोर बसलेल्या बायकोपुढे हट्ट सोडणारा एक पुरुष होता, गार्डसाहेब नव्हता.

काही महिन्यांनी फरक दिसला. एका सकाळी भाऊंनी पेरू उचलला, न कापता, आणि चावा घेतला. करकन आवाज झाला. चावून झाल्यावर ते हसले. मागच्या दाढा नाही दिसल्या, पण दात दिसले, आणि पारुआक्का पदर तोंडाला लावून आत गेली.

रेल्वेच्या डॉक्टरांपुढे त्यांना शिट्टी वाजवून दाखवावी लागली. वाजली. पूर्वीसारखी तीक्ष्ण नाही, पण वाजली. गार्डाचं काम परत मिळालं. पहिल्या ड्यूटीला हमीदभाईंनी इंजिनाची शिट्टी इतकी लांब ओढली की कॉलनीतली माणसं बाहेर आली.

आणखी एक गोष्ट झाली, जिची सर्जनने आधी कल्पना दिली होती पण जी आम्हाला कुणालाच खरी वाटली नव्हती. आत गेलेली कातडी पुरुषाच्या गालाची होती. ती आत गेली तरी तिला आपलं काम ठाऊक होतं. भाऊंच्या गालाच्या आत दाढी उगवायला लागली. सकाळी उन्हं अंगणात आली की भाऊ दारात स्टुलावर सूर्याकडे तोंड करून बसायचे आणि पारुआक्का त्यांची हनुवटी धरून, बारीक कात्रीने आतले केस काढायची. तिचे डोळे बारीक व्हायचे आणि जीभ दातांत धरलेली असायची. कात्री चालू असताना दोघंही श्वास रोखायची. "न्हावी बाहेरची करतो, वैनी," भाऊ मला म्हणाले, "ही आतली करती." हसून म्हणाले, पण पुढे सांगितलं ते हसून नाही. घास केसांत अडकतो. आपल्याच तोंडात दुसऱ्याचा गाल असल्यासारखं वाटतं. तिथे तिखट लागत नाही, गोड लागत नाही, काहीच लागत नाही.

सुपारी त्यांनी पूर्ण सोडली होती. अडकित्ता पारुआक्काने भंगारवाल्याला देऊन टाकला. डब्यात झोप येऊ नये म्हणून ते स्टेशनांची नावं मोठ्याने म्हणत बसायचे, पूर्णेपासून खंडव्यापर्यंत आणि परत. लग्नाकार्यात कुणी पानसुपारी पुढे केली की सुपारीला हात लावायचे, तो हात कपाळाला लावायचे आणि ताट पुढे सरकवायचे. माणसाचा मान राहायचा.

दीडेक वर्ष असं गेलं. माझ्या आठवणीत ते दिवस उन्हाचे आहेत, दारातल्या त्या स्टुलामुळे असेल.

मग पट्टीला रक्त लागायला लागलं. पारुआक्काने विचारलं तर भाऊ म्हणाले, पट्टीची कड लागली. पुन्हा लागलं, पुन्हा तेच सांगितलं. एकदा केस काढताना तिनेच पाहिलं. नवी कातडी जिथे संपत होती तिच्या मागे, जिभेच्या कडेला, कोंबड्याच्या तुऱ्यासारखी एक जखम. तिने कात्री पुसली, डबीत ठेवली, आणि भिंतीशी येऊन मला म्हणाली, "मुंबईची गाडी कवा हाय ते तुमच्या ह्यांला इचारा."

तेच सर्जन होते. तपासून झाल्यावर ते बराच वेळ हात धूत राहिले, असं पारुआक्का म्हणाली.

"मी सुपारी सोडली व्हती," भाऊ म्हणाले.

"माहीत आहे मला."

"पट्ट्या बी केल्या. रोज."

"तेही दिसतंय. तुमचं तोंड माझ्या बाकीच्या सगळ्या पेशंटपेक्षा चांगलं राहिलंय."

"मग हे कशानं?"

सर्जन म्हणाले, सुपारीने जे आधी करून ठेवलं होतं ते आतच होतं. मला फक्त तोंड उघडता आलं, ते काढता आलं नाही. मग त्यांनी पुढचं सांगितलं. अर्धा जबडा काढावा लागेल, जिभेचा मोठा भाग काढावा लागेल, आणि ती जागा भरायला छातीवरची कातडी वर आणावी लागेल.

"बोलता येईल?" भाऊंनी विचारलं.

"लोकांना कळेल असं नाही."

"आणि एवढं करून राहीन?"

"सांगता येत नाही. न करता मात्र राहणार नाही."

भाऊ तिथून उठले, सर्जनला नमस्कार केला आणि परतीच्या गाडीत बसले. पूर्णेत आल्यावर त्या घरातून पहिल्यांदा मी भांडण ऐकलं. भांडत होती एकटी पारुआक्का. दुपारी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. त्या वेळी सासूबाईही आलेल्या होत्या. पारुआक्का भिंतीला टेकून बोलत होती, कुणाशी ते तिलाही ठाऊक नसावं.

"ते म्हणतेत, जवर बोलता येतंय तवर बोलतो. बोलणं काय करायचंय मला? मला बोलणारा नको, बाई. मला असणारा पायजे. मुका असला तरी चालंल. ओट्यावर बसलेला दिसावा, बास." मग म्हणाली, "पण तोंड त्यांचं हाय. मी कोण सांगणार."

सासूबाई उठल्या. त्यांनी चूल पेटवली, चहा केला, आणि आमच्या रोजच्या पितळी पेल्यात ओतून पारुआक्काच्या हातात दिला. दुसऱ्या पेल्यात स्वतःला घेतला आणि तिच्याजवळ खाली बसल्या. गुडघे दुखत असताना बसल्या. पारुआक्काने चहा संपवला. आमच्या घरात तेवढीच एक गोष्ट त्या वर्षी चांगली झाली, आणि ती बघायला भाऊ नव्हते.

भाऊंनी ऑपरेशन केलं नाही. विजेचा शेक, म्हणजे किरणांचा उपचार, घेतला, तोही पारुआक्काच्या समाधानासाठी. त्याआधीच्या पौर्णिमेला ते झरीला गेले आणि वंदना सांगायला बसले. जीभ जड झाली होती. अक्षरं अडखळत होती. त्यांनी एकही ओळ सोडली नाही आणि वस्ती प्रत्येक ओळीला थांबली. पारुआक्काने हे सांगताना तिच्या आवाजात अभिमान होता की राग, ते मला आजही ठरवता येत नाही. शेकाने गाल पुन्हा आवळले. सर्जनने बसवलेली कातडी तशीच राहिली, तिच्या भोवतीचं सगळं मिटत गेलं. नोकरी सुटली, क्वार्टर सोडावं लागलं, आणि दोघं झरीला भावाच्या घराशेजारी दोन खोल्यांत राहायला गेली. निरोप घेताना भाऊंनी आमच्या ह्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ हलवत राहिले.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं.

थंडीचे दिवस होते. ज्वारी हुरड्यात आली होती. आम्ही परभणीहून बसने झरीला गेलो. भाऊंचं घर विचारावं लागलं नाही, पारुआक्का रस्त्यावरच भेटली. भाऊ भावाच्या शेतात होते. नाकातून नळी घातलेली, ती कानामागे चिकटपट्टीने बसवलेली, तोंडाभोवती उपरणं गुंडाळलेलं. अंगावरचा सदरा दुसऱ्याचा वाटावा इतका ढगळ झालेला. आम्हाला पाहून त्यांचे डोळे हसले. वरवंट्याच्या दिवशी सगळा चेहरा जसा हसला होता, तसे नुसते डोळे.

मला वाटलं, पाच मिनिटं बसून निघावं. त्यांना त्रास नको. पण त्यांनी हाताने खूण करून आम्हाला गोवऱ्यांच्या आगटीजवळ बसवलं. कोवळी कणसं तोडून आणली होती. ती त्यांनी स्वतः निखाऱ्यात खुपसली, फिरवली, वेळ झाल्यावर बाहेर काढली आणि तळहातांमधे चोळायला लागले. कणसं चटके देत होती. पारुआक्का म्हणाली, आणा इकडं, मी चोळते. त्यांनी मान हलवली. दाणे मोकळे झाले तशी बोटांनी कोंडा वेगळा केला आणि हिरवा, वाफाळता हुरडा माझ्या ओंजळीत घातला. मग ह्यांच्या. मग समोर बसले आणि आमच्या तोंडांकडे पाहत राहिले.

त्यांना नळीतून पाणी आणि पेज जात होती. त्यांच्यासमोर खायचं कसं? मी दाणे हातात धरून बसले. भाऊंनी बोट वर केलं आणि माझ्या हाताकडे दाखवलं. खा. मी तोंडात टाकले. कोवळ्या दाण्यांचं दूध जिभेवर आलं. त्यांनी भुवया उंचावून विचारलं. मी म्हटलं, "लय गोड हाय, भाऊ." त्यांनी मान डोलावली आणि दुसरं कणीस उचललं.

किती खाल्लं ते आठवत नाही. नको म्हटलं की ते आणखी चोळायचे. माझा घास गिळून होईपर्यंत त्यांची नजर हलायची नाही, आणि गिळला की त्यांचा स्वतःचाही घसा हलायचा. पारुआक्का बाजूला ज्वारीच्या ताटांकडे तोंड करून उभी होती.

बसची वेळ झाली तसे आम्ही उठलो. भाऊ उठले नाहीत. त्यांनी हात जोडले आणि लगेच पुन्हा आगटीकडे वळले. बांधावर पोचल्यावर मी मागे पाहिलं. ते खाली वाकून नवं कणीस चोळत होते. पारुआक्का त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होती, "बास करा आता. गेले ते."

त्यांनी दाणे निवडले, तिचा हात खांद्यावरून काढून उलटा केला, आणि तिच्या तळहातावर ओतले.